बिननावाची केस

सुट्टीच्या दिवशी या घरात जेवणाआधी काकडी कापली जायची आणि जेवताना माणूस. माणूस अर्थातच तोंडी. पण तोंडीसुद्धा इतका नीट, की वाढायला ठेवलेली बाई पहिल्याच महिन्यात काम सोडून जायची.

ही रीत आजोबांची. म्हणजे तेच आजोबा, ज्यांनी पुराच्या पाण्यात तरंगत्या दारावर बाळंतपण केलं आणि बाळ स्वतः पोहत काठाला आलं. घरातले असंच सांगतात. ते दार होतं की टेबल, एवढ्यावरच काय ते मतभेद आहेत. तर रीत अशी: एकानं केस मांडायची. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि मग निदान सांगायचं. सगळ्यांत धाकट्यानं आधी, कारण थोरल्यांचं ऐकलं की धाकटे आपली अक्कल गिळतात. आणि सगळ्यांत थोरल्यानं शेवटी, कारण त्यानंतर कोणाची बोलायची टाप नसते. निदान होईपर्यंत टेबल सोडायचं नाही. या नियमापायी एकदा अख्खं घर दिवेलागणीपर्यंत वाळलेल्या हातांनी बसलं होतं आणि निघाले साधे जंत.

आज केस ताईची होती. ताई म्हणजे नाना-माईंची थोरली लेक, मेंदूची डॉक्टर. गुडघ्यावर एक टिचकी मारून माणसाकडून कबुलीजबाब घेईल अशी. पण आज तिचाच घास खाली उतरत नव्हता, कारण जिची केस ती मांडणार होती ती समोरच बसून भात कालवत होती. भावाची बायको. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. रस्त्यापलीकडच्या घरच्या हॉस्पिटलात भूल देणारी तेवढी एकच.

ताईनं सरळ विचारून पाहिलं होतं. “बरी आहेस ना गं?” “हो ताई, मस्त.” या घरात ‘मस्त’ हे उत्तर नसतं, लक्षण असतं. भावाला विचारावं तर तो भोळा सांब. म्हणून ताईनं ठरवलं, नाव न घेता टेबलावर ठेवायचं. आपले डोळे चुकत असतील तर चौघांत कोणीतरी सांगेल. देवा, चुकू देत.

“रुग्ण स्त्री आहे,” ती म्हणाली. “चाळिशीच्या आसपास.”

“तक्रार?” नानांनी विचारलं. नाना सर्जन. हात थरथरायच्या आत त्यांनी आपणहून चाकू खाली ठेवला होता. हॉस्पिटल मात्र अजून घट्ट धरलं होतं.

“तक्रार काहीच नाही. तीच तर तक्रार आहे.”

“कोडी घालू नकोस. लक्षणं बोल.”

“एक कान हातानं झाकते, मग दुसरा. चालता चालता मध्येच थांबते, डोळे मिटते, कानोसा घेते. लोकांना विचारते, आवाज डावीकडून आला की उजवीकडून? कधी कधी आवाज आलेलाच नसतो.”

धाकटीची बोटं भातात थांबली.

“तोंडानं तीन सूर गुणगुणते. तेच तीन. आंघोळ करताना तेच, गाडीत तेच.”

“गाणं असेल एखादं,” माई म्हणाल्या. आजूबाजूची निम्मी वस्ती पहिल्यांदा रडली ती माईंच्या हातात. त्यामुळे कुठल्याही आवाजाची त्यांना चटकन काळजी वाटत नसे.

“गाण्याला पुढची ओळ असते, माई. याला नाही. वजन उतरलंय. झोप नाही. फोन आला की उठून बाहेर जाते. गाडीच्या काचा वर करून आत एकटीच बसते. परवा कुकरची शिट्टी ऐकून म्हणाली, ही जरा खालच्या पट्टीत हवी होती.”

“कुकरला?” नाना हसले. “मग आचाऱ्याला तबला घ्यायला सांगा.”

ताई हसली नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला. “शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कान तपासायचा दवाखाना आहे. तिथून ती बाहेर पडताना दिसली. घरी सांगून गेली होती, दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून.”

*

दातांचा डॉक्टर धाकटीनं विचारपूर्वक निवडला होता. तिच्या सासरी दातांच्या डॉक्टरला कोणी डॉक्टर मानत नसे, त्यामुळे तिकडून आल्यावर ‘काय निघालं?’ असं कोणी विचारत नसे. गेले कित्येक महिने तिचे दात या शहरातले सगळ्यांत सांभाळलेले दात होते.

खरं प्रकरण असं होतं. थिएटरमध्ये रुग्णाच्या उशाशी जे मशीन असतं, नाडी, रक्तदाब, प्राणवायू यांच्यावर नजर ठेवणारं, ते बनवणाऱ्या कारखान्याला तिनं एकदा चिडून कळवलं होतं, की तुमचं मशीन नुसतं कोकलतं, सांगत काहीच नाही. सगळ्याच गोष्टींसाठी एकच ओरड. दहा वेळा उगाच ओरडलं की अकराव्या वेळी कोणी मान वळवत नाही. कारखान्यानं माफी मागायच्या ऐवजी तिला भेटायला बोलावलं. मग पुन्हा बोलावलं. कानाच्या दवाखान्यातली बंद खोली त्यांनी आवाज तपासायला भाड्यानं घेतली होती, तिथं ती तासन् तास बसली. कोणता सूर गोंगाटातूनही कानाला लागतो, कोणता घाबरवून सोडतो, कोणता काम करायला लावतो. आणि आता ते म्हणत होते, इकडेच या. कायमच्या. तिथल्या इंजिनियर बाईला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं. उद्या सकाळी जागा दुसऱ्याला.

घरात कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला असता तर काय झालं असतं, हेही ती जाणून होती. भूल नाही तर चाकू नाही, चाकू नाही तर हॉस्पिटल नाही. चार माणसं चार बाजूंनी समजूत घालायला बसली असती, आणि समजूत घालण्यात या घराचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून तिनं ठरवलं होतं, आधी हो म्हणायचं, मग सांगायचं. दोन्ही व्हायच्या आत हे टेबल आडवं आलं.

“चल,” नाना तिच्याकडे बघून म्हणाले. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. ते मजेत होते. “धाकट्यानं आधी. सांग निदान.”

ताई तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत आरोप नव्हता. आरोप असता तर सोपं गेलं असतं.

“दमली असेल,” धाकटी म्हणाली.

“दमणं हे निदान नाही. माझा ड्रायव्हरही दमतो.”

“मग… काही नाहीये तिला, नाना. तिचं तिला कळत असेल.”

“वा! हे तू परीक्षेत लिहिलं असतंस तर आमच्या घरात आली नसतीस. पुढे.”

मांडीवर ठेवलेला फोन थरथरला. तिनं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

*

पुढचा नंबर चिरंजीवांचा. नाना मुलाला चिडवून चिरंजीव म्हणत, आणि मग तेच नाव पडलं. ऑपरेशनच्या टेबलावरचे रुग्णसुद्धा ‘चिरंजीव डॉक्टर आले का?’ असं विचारत आणि त्यांना त्यातून धीर येई.

ते तीन सूर त्याला पाठ होते. न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभं राहून त्यानं ते ऐकले होते. गेल्या आठवड्यात टाके घालता घालता तो स्वतःच ते गुणगुणला होता, आणि उशाशी बसलेल्या बायकोनं दचकून वर पाहिलं होतं.

फोनवरची कुजबुज, बंद काचांची गाडी, यांचा त्यानं वेगळाच अर्थ लावला होता. कोणीतरी आहे. नवऱ्यांना येतो तसाच संशय, त्यात डॉक्टरकीचं काही नव्हतं. त्यापायी तो किती दिवस मनात जळत होता. आज ताईचं बोलणं ऐकताना त्याला कळलं, की त्या संशयात तो किती सुखी होता.

“बोला चिरंजीव.”

“गाठ,” तो म्हणाला. “कानाच्या नसेवर. आतल्या बाजूला.”

“बाजू?”

“माहीत नाही, नाना. मी… तिचा तोल जाताना मी पाहिला नाही. बघायला हवा होता.”

“तू कशाला बघायला हवा होतास? केस ताईची आहे.”

माईंनी वाटी खाली ठेवली. त्यांना आता सगळं कळलं होतं. चाळिशी, झोप, वजन. त्यांनी ‘या वयात बायकांचं असं होतं’ हे ठेवणीतलं उत्तर काढलं होतं, ते त्यांनी परत आत ठेवलं. “माझं निदान मी सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “पुढे चला.”

“नियम आहे,” नाना म्हणाले.

“असू दे.”

“मला दोनच शक्यता दिसतात,” ताई घाईनं म्हणाली. “गाठ, नाहीतर मेंदूत कुठेतरी बारीक झटके येताहेत आणि त्यातून ते सूर ऐकू येताहेत. दोन्हींत मेंदूचा फोटो काढायला हवा. उशीर न करता.”

नाना मागे रेलले. शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो ते चवीचवीनं बोलत. “तुम्ही सगळे कानात आणि कवटीत शिरलात. एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. रुग्ण काम काय करते?”

चिरंजीवनं टेबलाखालून बायकोचा हात धरला.

“भूल देते,” ताई म्हणाली.

नानांनी आधी ताईकडे पाहिलं, मग मुलाच्या खांद्याकडे, तिथून खाली टेबलाआड गेलेल्या हाताकडे. सर्जनची नजर चाकूच्या रेषेनं जाते तशी ती धाकटीपर्यंत पोचली आणि थांबली.

“बाळा,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आपल्या पोटच्या पोरांनाही कधी वापरला नव्हता. “आजच फोटो काढू. मी बोलतो स्कॅनवाल्यांशी. आणि तोवर थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही. तुझ्यासाठी नाही, पेशंटसाठी. तुला कळतंय ना?”

“कळतंय.”

“काळजी करू नकोस. गाठ म्हणजे काय, गाठ असते. निघते.”

धाकटीच्या मनात जे आलं ते तिला आवडलं नाही, पण आलं. ताईचे डोळे भरले होते. माई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नवरा हात सोडायला तयार नव्हता. या घरात कंटाळलेल्या माणसाला कोणी पाणी विचारलं नसतं; आजाऱ्याला मात्र सगळं माफ. गप्प बसलं तर? चार तपासण्या होतील, कोणीतरी पोक्त डॉक्टर म्हणेल, काही सापडत नाही, पण हिला हलकं काम द्या. मग कारखाना. मग कोणी ‘सोडून गेली’ म्हणणार नाही. ‘बिचारी’ म्हणतील. बिचारी म्हणवून घेऊन सुटणं किती सोपं होतं! नुसतं भात कालवत राहायचं.

फोन पुन्हा थरथरला. आणि त्याच वेळी भिंतीवरचा हॉस्पिटलचा फोन घणघणला.

*

माईंनी घेतला. “हं. कधीपासून? ठोके किती? खाली जाताहेत की जाऊन परत येताहेत?” ऐकता ऐकता त्यांनी पदराला हात पुसले. फोन ठेवला. “सकाळी कळा घेऊन आलेली बाई. बाळाचे ठोके पडताहेत. लगेच सिझेरियनला घ्यायला हवी.”

त्या सवयीनं धाकटीकडे वळल्या. धाकटी सवयीनं उठली.

“ती नाही,” नाना म्हणाले. “ती बसेल. बाहेरून दुसऱ्याला बोलवा.”

“दुसरा नदीपलीकडे राहतो हो. येईपर्यंत बाळाचं काय व्हायचं ते होऊन जाईल.”

“म्हणून डोक्यात गाठ असलेल्या बाईच्या हाती आईला द्यायचं? सुई देता देता हिलाच झटका आला तर? चिरंजीव, दे तू भूल.”

“मी? नाना, मी कॉलेजात असताना दिली होती. ससा होता तो.”

“मग ताई…”

“मला गाठ नाहीये,” धाकटी म्हणाली.

“ते फोटो ठरवेल.”

“नाना, मला गाठ नाही. मला नोकरी आहे.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. ताईनं तर तिच्या बुबुळांकडे बघितलं. बडबड हेही एक लक्षण असतं.

“नोकरी तुला आहेच,” नाना सावकाश म्हणाले, भ्रमातल्या माणसाशी बोलावं तसं.

“दुसरी. मशीनच्या कारखान्यात. ते उशाशी ओरडतं ना, त्याचे आवाज नव्यानं करायचेत त्यांना. म्हणून मी कान झाकते, म्हणून गुणगुणते, म्हणून त्या दवाखान्यात जाते. संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय. माझं डोकं ठणठणीत आहे. तपासायचं तर चालता चालता तपासा. ती बाई तिकडे अडलीय.” आणि ती चपला पायात सरकवून निघालीसुद्धा.

निदान व्हायच्या आत टेबल सोडलं गेल्याची या घराण्यातली ही पहिली वेळ.

*

रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो! पण त्या दिवशी तो रस्ता ताणला गेला होता, असं हॉस्पिटलचा पहारेकरी अजून सांगतो. पुढे धाकटी आणि माई, बाजूला पळत ताई, मागे चिरंजीव, आणि सगळ्यांत मागे, घास हातात तसाच घेऊन, नाना.

“नाक दाखव,” ताई म्हणाली. “बोट नाकाला लाव. आता माझ्या बोटाला. पुन्हा.” धाकटीनं चालता चालता लावलं. अचूक. मग ताईनं तिच्या दंडावर एक चापट मारली, जोरात. “सटवे! आठवडाभर मी तुझ्या कवटीत फिरतेय! गाठ कुठून काढायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी!”

“कुठून?”

“उजवीकडून. केस कमी कापावे लागतात,” ताई म्हणाली आणि रडायला लागली.

चिरंजीवनं बायकोला गाठलं. “मला नाही सांगितलंस.”

“नाही.”

“का पण? मी काय खाल्लं असतं तुला?”

“तू ऐकून घेतलं असतंस. अगदी शांतपणे. मग मी गेलेच नसते.”

“मी थांब म्हटलंच नसतं.”

“म्हणूनच थांबले असते.”

मागून नानांचा आवाज आला. “कारखान्यात कोणाला भूल द्यायचीय?” वाहनं थांबली होती. “अगं, आजोबांपासून या घरातला एक माणूस बाहेर गेला नाही! तू गेलीस तर मी काय, चिरंजीवांना सशांचं हॉस्पिटल काढून देऊ?”

“नवीन माणूस मिळेपर्यंत मी आहे, नाना. त्यांना मी तसं सांगितलंय.”

“पण का? खुपतंय काय तुला?”

“मागच्या वर्षी त्या हर्नियाच्या पेशंटची श्वासाची नळी सुटली होती, आठवतं? मशीन ओरडत होतं. आपण सगळे तिथं होतो. कोणालाच ऐकू आलं नाही, सवयीनं.”

“सापडली की नळी! पेशंट चालत घरी गेला.”

“तो गेला. मी अजून तिथंच उभी आहे.”

नाना थांबले. राग त्यांना येतच होता, पण त्या रागाच्या खालून अजून मघाचा घाबरा जीव निघाला नव्हता आणि दोन्ही एकदम बाहेर पडले. “गाठ असती तर कापून काढली असती!” ते भर रस्त्यात ओरडले. “याला काय कापू?”

*

थिएटरमध्ये चिरंजीवला काही काम नव्हतं. चाकू आज माईंच्या हातात. पण तो तोंडावर मास्क बांधून कोपऱ्यात उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं बायकोला टेबलाच्या त्या टोकाला पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. त्याची नजर नेहमी जखमेत असायची. उशाकडून शांत आवाजात ‘हं, करा सुरू’ आलं की त्याच्या लेखी तिकडचं जग संपायचं.

तिनं अडलेल्या बाईला बसवलं, पाठ वाकवायला लावली. “मांजर रागावल्यावर करतं ना, तशी पाठ कर. छान. आता माझ्याशी बोल. नाव काय ठेवणार?” “मुलगा झाला तर सासूबाई म्हणतात…” “सासूबाईंचं राहू दे, तू काय म्हणतेस?” बाई हुंदक्यातून हसली आणि त्या हसण्यात सुई जागेवर गेली. आडवं केलं. माईंनी सुरुवात केली.

मग मशीन ओरडलं. रक्तदाब घसरत होता. चिरंजीवनं पाहिलं: सिस्टरनं मान वळवली नाही. माईंनीही नाही. त्यालासुद्धा, लक्ष देऊन उभा असतानासुद्धा, तो आवाज पंख्याच्या घरघरीसारखा वाटला. एकटी ती, आवाज यायच्या आतच, हात सुईपाशी नेऊन बसली होती. औषध गेलं. आकडे सावरले. ती त्या बाईच्या कपाळावरचा घाम टिपत म्हणाली, “मळमळलं ना? जाईल आता.” आवाज नेहमीचा. मध्ये काही घडलंय, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला आजच पहिल्यांदा.

हे रोज? त्याच्या प्रत्येक ऑपरेशनला? तो कापत असताना, गाणी म्हणत असताना, सिस्टरशी क्रिकेटवर भांडत असताना?

बाळ रडलं. मुलगी होती, आणि आवाज असा की पहारेकरी फाटकात दचकला.

*

टाके झाले, बाळंतीण खाटेवर गेली, रक्तदाब स्थिरावला, पायांत जाणीव परतू लागली. सिस्टर शेजारी बसली, तेव्हा कुठे धाकटी बाहेर पडली. माई हातमोजे काढून तिला शोधत होत्या. चहाच्या खोलीत नाही, ऑफिसात नाही. शेवटी धुतलेल्या चादरींच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं.

चादरींच्या गठ्ठ्यावर धाकटी बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. तरी ते थरथरत होते, खांद्यापर्यंत.

माईंनी आधी दार लावलं. मग शेजारी बसल्या आणि ते हात बाहेर काढून आपल्या हातांत घेतले. तपासले म्हणा, धरले म्हणा.

“केव्हापासून?”

“नळी सुटली तेव्हापासून नाही,” धाकटी म्हणाली. “ते मी रस्त्यात सांगितलं कारण सांगता येण्यासारखं तेवढंच होतं. पहिल्यापासून, माई. काम चालू असताना काही नाही होत. झालं की होतं. मी इथं येऊन बसते, मग जातं.”

“रोज?”

“मोठं काम असलं की. आणि आता लहान असलं तरी.”

किती वेळा माई या दारावरून गेल्या होत्या. एकदा तर आतून आवाज आला म्हणून उंदराचं औषध टाकायला सांगितलं होतं.

“नानांना सांगू नका. त्यांना आवाजांचं कळेल. चिडतील, पण कळेल. हे नाही कळणार. भूल देणाऱ्यालाच भीती वाटते म्हणजे…”

“मला नाही वाटत होय?” माई म्हणाल्या. “पण मी घरी जाऊन तुझ्या सासऱ्यांवर ओरडते. तू कोणावर ओरडत नाहीस. तीच चूक झाली तुझी.”

खिशातला फोन थरथरला. धाकटीनं तो काढला, पण बोट पडद्यावर टेकेना. टेकलं की घसरायचं. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तो चादरींवर पडला.

माईंनी उचलला. पडद्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. “घेऊ?”

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी पेढ्यांऐवजी पुड्यातली बिस्किटंच वाटत होतं. बाळाचा आवाज अजून येत होता.

“घ्या,” धाकटी म्हणाली.

माईंनी बोट फिरवलं आणि फोन तिच्या कानाशी धरला, स्वतःच्या हातानं, जसा त्या अडलेल्या बाईच्या पाठीला आधार देत.

“हो, मीच,” धाकटी म्हणाली. “नाही, हॉस्पिटलमध्ये होते. हो. घरच्यांना सांगितलं.” थोडं थांबून: “नाही, राजी नाहीत. मी आहे. येते मी.”

तिकडून काय म्हणाले ते माईंना ऐकू आलं नाही. फोन बंद झाला तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता. हात अजून थरथरत होतेच. कोणी जादू केली नव्हती. “बस इथंच,” त्या म्हणाल्या. “थांबेपर्यंत बस. उठू नकोस.” आणि बाहेर येऊन त्यांनी दार आपल्यामागे ओढून घेतलं.

नाना समोरच होते.

“कुठाय ती?”

“आत.”

“बाजूला हो. मला बोलायचंय.”

“आत्ता नाही.”

“अगं, हॉस्पिटल माझं आहे.”

“आत आहे ती पेशंट माझी आहे.”

नानांनी दाराकडे पाहिलं. “पेशंट? आत्ता तर म्हणाली ठणठणीत आहे. काय झालंय तिला?”

“घाबरलीय.”

“आता कशाला? ऑपरेशन तर छान झालं.”

“छान झालं की घाबरते ती. इतकी वर्षं. याच खोलीत येऊन. आणि त्या लोकांना ‘येते’ म्हणालीय, माझ्यासमोर. मी थांबवलं नाही, थांबवणारही नाही. आता तुम्हाला ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा, मला सवय आहे.”

नाना ओरडणार होते. छातीत श्वास भरून घेतलासुद्धा. मग तो श्वास त्यांच्या हातून कुठेतरी गळून गेला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. माई हलल्या नाहीत. आपल्याच हॉस्पिटलातल्या दाराबाहेर उभं राहायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. हात मागे बांधून पाहिले, पुढे बांधून पाहिले.

शेवटी ते वळले आणि भिंतीशी नातेवाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर, बाळंतिणीच्या नवऱ्याशेजारी जाऊन बसले. त्यालाही अजून आत सोडलं नव्हतं. दोघंही बराच वेळ बंद दारांकडे बघत राहिले.

मग नाना त्याच्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात विचारलं, “किती वेळ लावतात हो ही डॉक्टर मंडळी?”